स्पेक्ट्रोफोटोमीटरवर पहिलं रीडिंग घेताना

"जा, मशीनवर रीडिंग घेऊन ये." एवढ्या सूचनेवर मी पहिल्यांदा स्पेक्ट्रोफोटोमीटरसमोर जाऊन बसले होते. मागे सात-आठ जणांची रांग, हातात टेस्ट ट्यूबचा स्टँड, समोर लुकलुकणारे आकडे. एक आकडा स्थिरावला, मी तो जर्नलमध्ये उतरवला आणि पुढच्याला जागा दिली. आपण नेमकं काय मोजलं हे कळायला पुढची दोन वर्षं लागली. तोवर करायच्या त्या सगळ्या चुका करून झाल्या होत्या.

बीएस्सी-एमएस्सीची मुलं, फार्मसीवाले, पाणी-माती तपासणीच्या लॅबमध्ये नव्याने लागलेले, अशा सगळ्यांसाठी हे लिहितेय. उदाहरणाला एकच प्रयोग धरलाय: पाण्यातलं लोह. बोअरचं पाणी उपसलं तेव्हा नितळ दिसतं आणि रात्रभर बादलीत राहिलं की तांबूस होतं, तेच हे लोह. हा प्रयोग नीट जमला की बाकीचे बहुतेक त्याच वाटेने जातात.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. तुमच्या द्रावणात काय आहे हे या यंत्राला ठाऊक नसतं. ते दोनदा प्रकाश मोजतं, एकदा ब्लँक (जे मोजायचं तेवढं वगळून बाकी सगळं असलेलं द्रावण) ठेवून आणि एकदा सॅम्पल ठेवून. दुसऱ्या वेळी किती कमी पोचला, त्यावरून आकडा काढतं. मधला प्रकाश लोहाने शोषला, बोटाच्या तेलकट ठशाने अडवला की तरंगत्या गाळाने इकडेतिकडे उधळला, यंत्राला सगळं सारखंच. तो फरक ओळखणं तुमच्याकडे.

जवळ काय काय हवं

- १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटची (द्रावण ठेवायच्या छोट्या चौकोनी पारदर्शक नळीची) जोडी, एकाच सेटमधली
- ५० मिलीचे सहा-सात व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क, पिपेट, वॉश बॉटल
- डिस्टिल्ड वॉटर, वाटतं त्याच्या दुप्पट
- तंतू न सोडणारा टिश्यू (ॲप्रनचं टोक चालत नाही, मी वापरून बघितलंय)
- मोहर सॉल्ट म्हणजे फेरस अमोनियम सल्फेट, थोडं सल्फ्युरिक ॲसिड
- हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड, ॲसिटेट बफर (द्रावणाची आम्लता ठरावीक ठेवणारं), १,१०-फिनॅन्थ्रोलिन (लोहाशी लाल रंग देणारं)
- ग्लोव्हज, हायड्रॉक्सिलअमाइन विषारी आहे, नुसत्या हाताने हाताळू नका
- मशीनचं लॉगबुक आणि पेन

१. यंत्राच्या पोटात काय आहे ते बघा

दिवा, प्रकाश वेगळा करणारा भाग, क्युव्हेटची जागा आणि प्रकाश मोजणारा डिटेक्टर. इतकंच असतं. दिवे बहुधा दोन. दृश्य प्रकाशासाठी टंगस्टन-हॅलोजन आणि साधारण ३५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या (प्रकाशाचा रंग ठरवणाऱ्या आकड्याच्या) खाली अतिनील प्रकाशासाठी ड्युटेरियम. दिव्याचा पांढरा प्रकाश ग्रेटिंगवर (बारीक समांतर रेघा असलेल्या पट्टीवर) पडून इंद्रधनुष्यासारखा पसरतो आणि एका बारीक फटीतून त्यातली हवी तेवढीच पट्टी पुढे जाते. कॉलेजातल्या साध्या कलरीमीटरमध्ये ग्रेटिंगच्या जागी रंगीत फिल्टर असतात. त्यामुळे तिथे पट्टी रुंद मिळते, पण तत्त्वात फरक काही नाही.

तुमचं यंत्र सिंगल बीम आहे की डबल बीम, हे विचारून घ्या. डबल बीममध्ये ब्लँक आणि सॅम्पल दोघांतून प्रकाश जवळजवळ एकाच वेळी जातो, त्यामुळे दिवा जरा मंद-प्रखर झाला तरी ते निभावतं. सिंगल बीमवर तसं होत नाही. व्होल्टेज वरखाली होणाऱ्या गावात सिंगल बीम यंत्र स्टॅबिलायझरशिवाय लावलं असेल, तर दर चार-पाच सॅम्पलनंतर ब्लँक पुन्हा बघा.

यंत्र सुरू करून किमान वीस मिनिटं, जमल्यास अर्धा तास तापू द्या. तेवढ्यात द्रावणं करायला घ्या. आल्या आल्या बटण दाबून रीडिंग घेतलं की पहिले आकडे हळूहळू सरकत राहतात आणि दोष बिचाऱ्या रसायनांना जातो.

प्रकाश कुठून कुठे जातो ते दिसत नसेल तर एक युक्ती. तरंगलांबी ५५० वर ठेवा, क्युव्हेटच्या जागी पांढऱ्या कागदाची छोटी पट्टी उभी धरा आणि हाताने थोडा अंधार करा. कागदावर हिरवा ठिपका दिसेल. प्रकाश कोणत्या बाजूने आणि किती उंचीवरून जातो, दोन्ही समजतं. (काही मॉडेलमध्ये झाकण उघडलं की प्रकाश बंद होतो, तिथे हे जमणार नाही.) ड्युटेरियम दिवा चालू असताना मात्र आत डोकावू नका, डोळ्यांना अतिनील प्रकाश सोसत नाही.

२. आकड्याचा अर्थ समजून घ्या

डिस्प्लेवर बहुधा दोन गोष्टी निवडता येतात: ट्रान्समिटन्स, म्हणजे शंभरातला किती प्रकाश पार गेला, आणि ॲब्सॉर्बन्स. ॲब्सॉर्बन्स लॉगच्या मोजपट्टीवर चालतो:

- ॲब्सॉर्बन्स ० : शंभर टक्के पार
- ०.३ : ५० टक्के
- १ : १० टक्के
- २ : १ टक्का
- ३ : ०.१ टक्का

लॉग का, तर एकावर एक गॉगल चढवून बघा. एक गॉगल दहा टक्के प्रकाश सोडत असेल तर दोन गॉगल एक टक्का सोडतील आणि तीन ०.१ टक्का. प्रकाश भागाकाराने घटतो, गॉगल मात्र बेरजेने वाढतात. द्रावणातल्या रेणूंचंही तसंच. म्हणून ॲब्सॉर्बन्स हा द्रावणाच्या तीव्रतेच्या, म्हणजे त्यात पदार्थ किती विरघळलाय त्याच्या, सरळ प्रमाणात वाढतो आणि ग्राफवर सरळ रेघ मिळते. बूगेरने १७२९ मध्ये, लाम्बेर्टने १७६० मध्ये प्रकाश थरागणिक कसा घटतो ते मांडलं आणि १८५२ मध्ये बीअरने त्यात द्रावणाची तीव्रता आणली. परीक्षेत नावं फक्त शेवटच्या दोघांची विचारतात, बूगेरवर जरा अन्यायच आहे.

व्यवहारात उपयोगी गोष्ट अशी: ०.२ ते ०.८ मध्ये राहा. फार कमी ॲब्सॉर्बन्सला दोन मोठ्या, जवळजवळ सारख्या आकड्यांतला फरक मोजावा लागतो. फार जास्त असेल तर डिटेक्टरपर्यंत प्रकाशच पोचत नाही, आणि तिथे यंत्रात इकडून-तिकडून शिरणारा भटका प्रकाश सगळा हिशेब बिघडवतो. समजा खरा ॲब्सॉर्बन्स ३ आहे, म्हणजे ०.१ टक्का प्रकाश पोचायला हवा. भटका प्रकाश जर १ टक्का असेल तर डिटेक्टरला एकूण १.१ टक्का दिसतो आणि डिस्प्लेवर २ पेक्षाही कमी आकडा येतो. सॅम्पल कितीही गडद करा, आकडा तिथेच अडून बसतो. अशा वेळी सॅम्पल डायल्यूट करणं हाच उपाय.

३. क्युव्हेट: निम्म्या चुका इथे

क्युव्हेटच्या चारपैकी दोन बाजू घासलेल्या, धूसर असतात. त्या धरायला. पारदर्शक बाजूंना बोट लावायचं नाही, त्या प्रकाशाच्या वाटेत येतात. क्युव्हेट आडवी बसवून घासलेल्या काचेतून रीडिंग घेणारे मी दरवर्षी पाहते. आकडा येतो आणि तो खरा वाटतो, गोची तीच आहे.

भरण्याआधी ज्याचं रीडिंग घ्यायचं त्याच द्रावणाने दोनदा खळबळून घ्या. साधारण तीन-चतुर्थांश भरा. बाहेरून टिश्यूने टिपा, घासू नका. उजेडाकडे धरून बघा: बुडबुडा, तंतू, थेंबाचा ओघळ काही आहे का? बुडबुडा असेल तर टिचकी मारा. क्युव्हेटवर बाण किंवा खूण असते, ती दर वेळी एकाच दिशेला ठेवा. फ्रिजमधून काढलेलं सॅम्पल लगेच घालू नका. पावसाळ्यात तर क्युव्हेटवर बघता बघता बाहेरून दव धरतं आणि आकडा वर चढत जातो.

आता काच की क्वार्ट्झ हा मुद्दा. डीएनए २६० नॅनोमीटरला प्रकाश शोषतो. शुद्ध दुहेरी डीएनएचा ॲब्सॉर्बन्स १ आला की मिलीलिटरला ५० मायक्रोग्रॅम, असा सरळ हिशेब आहे. एका लॅबमध्ये मला डीएनएचे नमुने मोजायला दिले होते. ब्लँक लावायला गेले तर यंत्र शून्यावर येईना. स्कॅन (तरंगलांबी बदलत बदलत ॲब्सॉर्बन्स मोजणं) लावला तर ३४० च्या खाली रेघ उभी भिंतीसारखी चढलेली. दिवा गेला असेल म्हणून मी दोन दिवस मेकॅनिकची वाट पाहिली. तो आला, क्युव्हेट उचलून उजेडाकडे धरली आणि म्हणाला, "मॅडम, ही काचेची आहे." साधी काच साधारण ३४० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश अडवते. तिथे क्वार्ट्झच लागतं, कारण ते १९० पर्यंत प्रकाश सोडतं. बऱ्याच क्वार्ट्झ क्युव्हेटवर वरच्या बाजूला इंग्रजी 'क्यू' कोरलेला असतो. तो न बघता मी दोन दिवस घालवले. लोहाच्या प्रयोगाला मात्र काचेची किंवा प्लास्टिकचीही चालते. प्लास्टिकची असेल तर ॲसिटोनने धुऊ नका, ती विरघळून पांढुरकी होते.

४. ब्लँक म्हणजे नुसतं पाणी नव्हे

ब्लँकमध्ये सगळं हवं, फक्त जे मोजायचं ते नको. आपल्या प्रयोगात ब्लँकच्या फ्लास्कमध्ये हायड्रॉक्सिलअमाइन, बफर आणि फिनॅन्थ्रोलिन तितक्याच मापाने घालायचं, लोह तेवढं नाही. पाण्यावर शून्य केलंत तर रसायनांचा स्वतःचा रंग आणि त्यांत असलेलं किंचित लोह, सगळं तुमच्या सॅम्पलच्या नावावर चढतं.

नमुना मुळातच पिवळट किंवा गढूळ असेल तर रसायनांचा ब्लँकही पुरत नाही. तेव्हा तोच नमुना, फिनॅन्थ्रोलिन वगळून बाकी सगळं घालून वेगळा मोजा आणि तो आकडा वजा करा.

ब्लँक ही कल्पना किती कामाची आहे ते बघायचं तर कोविडमध्ये घरोघरी आलेला ऑक्सिमीटर आठवा. तो दोन तरंगलांबींवर चालणारा छोटा फोटोमीटरच आहे: ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० चा अवरक्त. ऑक्सिजन घेतलेलं आणि न घेतलेलं हिमोग्लोबिन या दोन ठिकाणी वेगवेगळ्या प्रमाणात प्रकाश शोषतं. पण बोटात कातडी, हाड, नसा सगळंच प्रकाश अडवणार, त्याचा ब्लँक आणायचा कुठून? जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात यावर तोड काढली. नाडीच्या ठोक्यासरशी जो प्रकाश कमीजास्त होतो तेवढाच धमन्यांतल्या ताज्या रक्ताचा, बाकी जो स्थिर राहतो तो आपोआप ब्लँक. गडद नेलपॉलिश असलं की या यंत्राचं रीडिंग का बिघडू शकतं, हेही आता तुम्हाला सांगता येईल.

५. तरंगलांबी निवडा

नवख्यांचा इथला ठरलेला घोटाळा म्हणजे जांभळ्या द्रावणाला जांभळा फिल्टर. पोटॅशियम परमँगनेट जांभळं दिसतं कारण ते हिरवा प्रकाश खातं. त्याचं शिखर, म्हणजे सर्वात जास्त शोषणाची जागा, ५२५ नॅनोमीटरच्या आसपास आहे, म्हणून फिल्टर हिरवा. दिसतो तो उरलेला रंग, मोजायचा तो खाल्लेला. लोह-फिनॅन्थ्रोलिनचं द्रावण नारिंगी-लाल दिसतं, शोषण निळ्या-हिरव्यात, ५१० ला.

यंत्रात स्कॅनची सोय असेल तर पुस्तकातला आकडा डोळे झाकून घेऊ नका. मधल्या एखाद्या स्टँडर्डचं (लोह किती आहे ते माहीत असलेल्या द्रावणाचं) ४०० ते ६०० स्कॅन करा आणि शिखर बघा. शिखरावर मोजण्याची दोन कारणं. आकडा तिथे सर्वात मोठा मिळतो, हे एक. आणि शिखराचा माथा सपाट असल्यामुळे यंत्राची तरंगलांबी एखाद-दोन नॅनोमीटर सरकलेली असली तरी फारसं बिघडत नाही. उतारावर मोजाल तर तेवढ्यानेही फटका बसतो.

थोडं विषयांतर. प्रकाश पसरवून त्यातली एकेक रेघ तपासणं हे नुसतं लॅबपुरतं नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला स्पेक्ट्रोस्कोप लावून बसला होता. सूर्याच्या कडेच्या ज्वालांमध्ये एक पिवळी रेघ दिसली, ५८७.५ नॅनोमीटरच्या जवळची, आणि ती सोडियमच्या जोडरेघांशी जुळत नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लॉकियरने ग्रहण नसतानाही ती टिपली. तेच हेलियम. पृथ्वीवर ते रॅमसेच्या हाती लागलं १८९५ मध्ये. दर ऑगस्टला आपल्याकडे व्हॉट्सॲपवर फिरतं की लॉकियरने विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियम शोधलं. विजयदुर्ग बघायला जरूर जा, पण लॉकियर त्या ग्रहणाच्या वेळी इंग्लंडात होता.

६. स्टँडर्ड तयार करा

०.७०२२ ग्रॅम मोहर सॉल्ट थोड्या सल्फ्युरिक ॲसिडच्या पाण्यात विरघळवून एक लिटर करा. हे लिटरला १०० मिलिग्रॅम लोहाचं स्टॉक. यातलं १० मिली घेऊन १०० मिली केलं की लिटरला १० मिलिग्रॅमचं वर्किंग स्टँडर्ड मिळतं. ते त्याच दिवशी वापरा.

आता ५० मिलीच्या फ्लास्कमध्ये त्यातलं ०, २.५, ५, १०, १५ आणि २० मिली घाला. ० वाला तुमचा ब्लँक. सातव्या फ्लास्कमध्ये २५ मिली नमुना. सगळ्यांत आधी हायड्रॉक्सिलअमाइन, मग बफर, मग फिनॅन्थ्रोलिन, आणि शेवटी खुणेपर्यंत पाणी. क्रम बदलू नका. फिनॅन्थ्रोलिनचा लाल रंग फेरस लोहाशी येतो. पाण्यातलं गंजलेलं फेरिक लोह आधी हायड्रॉक्सिलअमाइनने फेरसमध्ये आणावं लागतं. फ्लास्क उलटसुलट करून नीट मिसळा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा, रंग पूर्ण यायला वेळ लागतो.

नमुन्याच्या बाटलीबद्दल एक. पाणी घेतलं त्याच वेळी बाटलीत ॲसिड घातलं नसेल तर लोह तांबूस गाळ होऊन तळाशी आणि भिंतींना बसतं. तुम्ही वरचं नितळ पाणी पिपेटने घेता आणि लोह नाही असा रिपोर्ट देता. लोह असतं, बाटलीला चिकटलेलं.

७. रीडिंग घ्या, रेघ काढा

ब्लँक ठेवा, शून्य करा. मग फिक्याकडून गडदाकडे जा, म्हणजे आधीच्या द्रावणाचा थेंब राहिला तरी नुकसान कमी. झाकण लावा, खोलीतला ट्यूबलाइटही प्रकाशच असतो. आकडा स्थिर होऊ द्या. मध्ये एकदा आणि शेवटी एकदा ब्लँक पुन्हा ठेवून बघा, तो शून्याजवळच यायला हवा.

सगळं ठीक असेल तर आकडे साधारण असे येतील: लिटरला ०.५ मिलिग्रॅमला ०.१०, १ ला ०.२०, २ ला ०.४०, ३ ला ०.६० आणि ४ ला ०.८०. तुमचे थोडे इकडेतिकडे असतील, असू देत. अगदी काट्यावर जुळले तर उलट परीक्षकालाच शंका येते, आणि ती बरोबर असते.

ग्राफ काढा: आडव्या अक्षावर तीव्रता, उभ्यावर ॲब्सॉर्बन्स. एक्सेलने रेघ काढून दिली तरी ठिपके डोळ्यांनी बघा. एकच ठिपका रेघेबाहेर असेल तर तो फ्लास्क बहुधा पिपेटिंगला चुकलाय, पुन्हा करा. वरचे ठिपके एका दिशेने वाकत असतील तर तीव्रता जास्त झालीय.

समजा नमुन्याचा आकडा ०.४६ आला. रेघेवरून ते होतं लिटरला २.३ मिलिग्रॅम. थांबा, रिपोर्ट लिहू नका. हे फ्लास्कमधलं आहे. २५ मिली नमुन्याचे आपण ५० मिली केले होते, म्हणून दोनने गुणायचं: ४.६. हे गुणायचं राहून गेलेले रिपोर्ट मी स्वतःच्या हाताने फाडलेत. आणि नमुना १.३ आला तर रेघ हवेत लांबवू नका. २५ ऐवजी १० मिली घेऊन पुन्हा रंग आणा आणि पाचने गुणा. तयार झालेल्या लाल द्रावणात पाणी ओतून काम भागवायचा मोह होईल, तो टाळा. लोह जास्त असेल तर फिनॅन्थ्रोलिन आधीच कमी पडलेलं असू शकतं.

आकडा विचित्र आला तर आधी हे बघा. उणे आला: ब्लँक आणि सॅम्पलची अदलाबदल, किंवा ब्लँकची क्युव्हेट मळलेली. सरकत राहिला: बुडबुडा, दव, अर्धवट रंग, थंड दिवा. दर वेळी वेगळा: क्युव्हेटची दिशा. सगळेच सारखेच जास्त: ब्लँक चुकलाय. यंत्र बिघडलंय हा निष्कर्ष सर्वात शेवटी. तीही शंका असेल तर होल्मियम ऑक्साइडच्या फिल्टरवर तरंगलांबी तपासतात, कारण त्याची शिखरं ठरलेल्या जागी असतात. ॲब्सॉर्बन्ससाठी पोटॅशियम डायक्रोमेटचं द्रावण. फार्मा कंपन्यांच्या लॅबमध्ये हे ठरावीक मुदतीने करावंच लागतं. मुलाखतीत विचारतात.

८. उठण्याआधी

ड्युटेरियम दिवा लागत नसेल तर बंद करा, त्याचे तास मोजके असतात आणि नवा महाग पडतो. लॉगबुकात वेळ, तरंगलांबी आणि काही खटकलं असेल तर तेही लिहा. क्युव्हेट होल्डरमधून काढा. सांडलेला थेंब तसाच राहिला तर आतल्या लेन्सवर वाफ जाते. काढल्यावर लगेच डिस्टिल्ड वॉटरने धुऊन पालथी ठेवा, ब्रश आत घालू नका, ओरखडे जन्मभर राहतात.

परमँगनेट क्युव्हेटमध्ये रात्रभर राहिलं असेल तर सकाळी आत तपकिरी थर दिसेल. तो मँगनीज डायऑक्साइड, पाण्याने हलत नाही. थोडं ऑक्झॅलिक ॲसिडचं द्रावण घालून थांबा, थर विरघळतो. मग चार-पाच पाणी.